एकतीस पौंड

दलदलीच्या काठावरचा तो पाइन
जन्मभर एका अंगावर कललेला होता,
वाऱ्याने नव्हे, पायाखालची जमीनच खचत गेली म्हणून.
एलिस म्हणाला, तोड, तसाही पडणारच आहे.
मी त्याची खालची बाजू तेवढी घेतली,
ओझं पेलून पेलून तांबूस, चिवट, हाडासारखी झालेली.
ल्यूल्यू म्हणतात तिला आमच्याकडे.
सुतार ती चुलीत घालतात,
दाराला लावली तर दार रातोरात रुसतं.
धनुष्याच्या पोटाला मात्र हीच हवी,
दाबलं की दम धरणारी.
पाठीला भूर्ज. ताण सोसायला भूर्जच.

चार हिवाळे दोन्ही फळ्या सौनाच्या माळ्यावर वाळल्या.
तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं,
एलिस लेकीकडे कायानीला राहायला गेला,
आणि वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं :
पन्नास पौंड.
ते खोडलं नाही.

सरस कसा करायचा ते इंपीने दाखवलं.
पर्च माशाची कातडी, मंद आच, उकळी नाही.
ब्याऐंशी वर्षांची बाई. तीन तास तिच्या चुलीपाशी बसलो,
त्यात ती चारदा बोलली,
एकदा मांजराशी.

शेडमध्ये उणे नऊ. म्हटलं, चालेल.
बावीस क्लॅम्प, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या,
तिसऱ्या दिवशी सगळं सोडलं आणि जरासं वाकवलं.
टक्.
इतका बारीक आवाज, की मी आधी खिडकीकडे पाहिलं.
वरच्या टोकाला चार बोटं फट,
आत सरस काचेसारखा, नुसता पडून राहिलेला.
गारठलेल्या लाकडाने त्याला घरातच घेतलं नव्हतं.

माशाच्या सरसाचं एक बरं असतं,
चूक गरम पाण्यात विरघळते.
लोणी लावायची सुरी, किटलीची वाफ, जुना टूथब्रश.
या खेपेला दोन्ही लाकडं आधी चुलीशेजारी झोपवली,
हाताला ऊब लागेपर्यंत,
मग सरस, मग पट्ट्या, मग आठवडाभर
मी स्वयंपाकघरात आडवा चालत होतो.

भिंतीवरच्या खुंटीला मूठ अडकवून दोरी ओढली.
वरची भुजा ठीक.
खालची मुठीजवळच कचकन वाकायची,
पुढची सगळी ताठ, हाताची घडी घालून बसलेली.
दुबळ्या जागेचं काही करता येत नाही.
काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.
तिला एकटीला वाकावं लागू नये
म्हणून जे ताठ आहेत त्यांना खरवडायचं.
पेन्सिलची खूण, वीस हात रंधा, तीस वेळा ओढ,
परत बघ.
ताणकाटा म्हणाला सत्तेचाळीस.
मग एकेचाळीस.

मग दोरी डावीकडे पळू लागली.
टोकात पीळ, झाडाचाच,
सुंभ जळूनही राहतो तसला.
वाफ देऊन सरळ केला असता,
पण वाफेने माझा सांधा पुन्हा सुटला असता.
तेव्हा भरली बाजू कानशीने उतरवली,
दोरी मुठीच्या मधोमध येईस्तोवर.
अडतीस.
रात्री उशिरा आणखी एक ताठरपणा दिसला.
तो नसता पाहिला तरी चाललं असतं.

एकतीस पौंडांवर मी रंधा खाली ठेवला.

सांध्यावर भूर्जाची साल गुंडाळली, ओल लागू नये म्हणून.
इंपीने धनुष्य हातात घेतलं, उलटं धरलं,
वास घेतला.
"पर्च," म्हणाली, आणि परत दिलं.

पहिला बाण अंगणातून सोडला.
खांदा दुखला नाही.
हे मी मोठ्याने बोललो, तिथे कुणी नसताना.
बाण लक्ष्यापासून बराच उजवीकडे,
बर्फात असा शिरला
की भोकही दिसेना.
तासभर फावड्याने उकरलं. अंधार पडला.
मे महिन्यात सापडेल.